बारामतीची ॲल्युमिनियम फ्रेम आणि ४० टक्के जीएसटी: स्पोर्ट बाइकमध्ये आपण पैसे कशाचे मोजतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि त्याच्या वरच्या बाइकवर ४० टक्के. त्याआधी लहान बाइकवर २८ टक्के होता, मोठीवर सेस धरून ३१. म्हणजे जो फरक तीन टक्क्यांचा होता तो एका रात्रीत बावीस टक्क्यांचा झाला. तेव्हापासून मला एक प्रश्न सतत विचारला जातो: "४०० च्या पुढची स्पोर्ट बाइक आता घेण्यात अर्थ आहे का? पॉवर तर थोडीशीच जास्त मिळते."

पहिला भाग रास्त आहे. गडबड दुसऱ्या भागात आहे. पॉवर बघून या बाइकची किंमत समजून घ्यायला गेलात तर हिशोब कधीच जुळणार नाही, कारण पैसे तिथे खर्च झालेलेच नसतात.

उदाहरण म्हणून एप्रिलिया आरएस ४५७ घेतो. कंपनी इटलीची, पण बाइक बनते आपल्या बारामतीत. पियाजिओच्या ज्या कारखान्यातून आपे आणि व्हेस्पा बाहेर पडतात, तिथूनच ही बाइक परदेशातही जाते. डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यात इंडिया बाइक वीकला ती ४ लाख १० हजार रुपये एक्स-शोरूम किमतीला आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिची विना-फेअरिंगची बहीण, ट्युओनो ४५७, आली.

आता गंमत बघा. हिची पॉवर ४७.६ पीएस, म्हणजे बरोबर ३५ किलोवॅट. पेट्रोलसकट वजन १७५ किलो. युरोपात १८ व्या वर्षी जे ए-टू लायसन्स मिळतं, त्यावर जास्तीत जास्त ३५ किलोवॅटची बाइक चालवता येते आणि पॉवर किलोमागे ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त चालत नाही. ३५ ला ०.२ ने भागा. उत्तर १७५. इंजिनमधून आणखी ताकद काढता आली असती, पण कायद्याने वर झाकण लावून ठेवलंय. निन्जा ५०० असो की आरसी ३९०, सगळ्या याच झाकणाखाली. मग दुसऱ्यापेक्षा वेगळं काय द्यायचं? चासी आणि सस्पेन्शन.

आपल्याकडे अशी पायरीच नाही. गिअरवाल्या मोटरसायकलचं लायसन्स मिळालं की १२५ सीसी चालवा नाहीतर हजार सीसी, कोणी अडवत नाही. म्हणून माझ्या मते आपल्या १८-२० वर्षांच्या रायडरने हा भाग युरोपातल्या पोरांपेक्षा जास्त नीट वाचायला हवा. होतं उलटंच. मोबाइलवर दोन बाइक कंपेअर करताना आपण टॉर्कपर्यंत वाचतो आणि मग थेट डिस्प्लेवर उडी मारतो.

फ्रेम: जाड दिसते, कारण जाड असावीच लागते

"ॲल्युमिनियम फ्रेम आहे म्हणून स्टीलपेक्षा कडक" हे वाक्य तुम्ही रिव्ह्यूमध्ये ऐकलं असेल. धातू म्हणून ते खरं नाही. ॲल्युमिनियमचं वजन स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, आणि कडकपणाही साधारण एक तृतीयांशच. फायदा आकारातून येतो. पत्र्याची जाडी तेवढीच ठेवून पाइपचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतं, पण वाकायला विरोध आठपट होतो. धातू हलका असल्यामुळे हे भलेमोठे पोकळ बीम परवडतात. हँडलच्या मुळापासून इंजिनच्या दोन्ही बाजूंनी मागे जाणारे ते जाडजूड हात फक्त शोसाठी नाहीत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अँतोनिओ कोबास या स्पॅनिश इंजिनियरने रेसिंगमध्ये ही रचना रुजवली, आणि पुढे ग्रां प्रीमधल्या जपानी कंपन्याही त्याच वाटेने गेल्या.

फोटोत मात्र फसायला होतं. आर१५ ची डेल्टाबॉक्स किंवा पल्सर एनएस२०० ची पेरिमीटर फ्रेम दिसायला याच घराण्यातली, पण ती स्टीलची. त्यात कमीपणा काही नाही, त्या किमतीत ती हुशारीच आहे. फक्त चार लाखांच्या बाइकमध्ये आणि दीड-दोन लाखांच्या बाइकमध्ये "फ्रेम सेमच आहे" असं कोणी म्हणालं तर एक चुंबक खिशात ठेवा. ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही.

आरएस ४५७ मध्ये इंजिनही सांगाड्याचाच भाग आहे, त्यामुळे खालून वेगळा पाळणा लागत नाही आणि वजन वाचतं. स्विंगआर्म मात्र स्टीलचा ठेवलाय. इथे पैसे वाचवलेत, हे उघड आहे. स्विंगआर्मचं बरंचसं वजन चाकाबरोबर वरखाली नाचतं, म्हणून तिथला किलो फ्रेममधल्या किलोपेक्षा महाग पडतो. मला ही तडजोड थोडी खटकते, पण किंमत बघता पटते.

कडक म्हणजे चांगलं, असंही सरसकट नाही. बाइक वळणावर ४५ अंशांत झुकलेली असताना खड्ड्याचा धक्का खालून सरळ वर येतो, पण शॉकअप तिरके झालेले असतात. धक्क्याचा आडवा भाग त्यांना पचवताच येत नाही; तो फ्रेम, फोर्क आणि स्विंगआर्मने किंचित लवचिक होऊन गिळायचा असतो. डुकाटीने मोटोजीपीत कार्बन फायबरची फ्रेम वापरली. २०११ मध्ये रॉसी तिथे आला आणि पुढच्या चाकाचा अंदाजच येत नाही, अशी त्याची तक्रार राहिली. कारणं बरीच होती, पण २०१२ ला डुकाटी ॲल्युमिनियमच्या ट्विन-स्पार फ्रेमवर आली.

सस्पेन्शन: "यूएसडी" या तीन अक्षरांत काय नसतं

पुढे ४१ मिलिमीटरचा यूएसडी फोर्क, चाकाची हालचाल १२० मिमी. मागे मोनोशॉक, १३० मिमी. दोन्हीकडे प्रीलोड बदलता येतो, डॅम्पिंग नाही.

यूएसडी म्हणजे फोर्क उलटा: जाड नळी वर, बारीक खाली. ब्रेक मारल्यावर फोर्कला वाकवणारा जोर सगळ्यात जास्त वरच्या पकडीजवळ येतो, तिथे जाड नळी असली की तो कमी वाकतो. बस, एवढंच. आतली स्प्रिंग कशी आहे, तेल कोणत्या छिद्रांतून किती अडखळत जातं, याबद्दल ही तीन अक्षरं एक शब्द बोलत नाहीत. स्वस्त बाइकला सोनेरी यूएसडी लावून आत साधंच सामान भरता येतं.

प्रीलोडबद्दल तर गल्लीतल्या गॅरेजपासून यूट्यूबपर्यंत एकच गैरसमज: "प्रीलोड वाढवला की शॉकअप हार्ड होतो." स्प्रिंगचा कडकपणा प्रीलोडने बदलत नाही. समजा स्प्रिंग एक मिमी दाबायला ८ न्यूटन लागतात. प्रीलोडने तिला आधीच १० मिमी दाबून ठेवली, तर हलायला सुरुवात ८० न्यूटनला होईल, पण पुढचा प्रत्येक मिलिमीटर तेच ८ न्यूटन मागणार. बदलते ती बाइकची उभी राहण्याची उंची.

आणि ती उंची का महत्त्वाची? तुम्ही बसल्यावर बाइक जितकी खाली बसते त्याला सॅग म्हणतात. १२० मिमीच्या फोर्कला ३० ते ४० मिमी सॅग ठीक मानतात. ही जागा वाया गेलेली नसते. खड्डा आला की चाकाला खाली उतरायला हीच जागा लागते. प्रीलोड वाढवून सॅग संपवून टाकलात, तर चाक खड्ड्यावर अधांतरी लटकतं, आणि त्या क्षणी पुढे ३२० मिमीची डिस्क आणि चार पिस्टनचा कॅलिपर असूनही ब्रेकला काही अर्थ उरत नाही. टायर रस्त्याला टेकलेलाच नाही, पकडणार काय? नगर रोडवर रात्री ब्रेक मारताना तुमच्या कामी हे येतं, ४७ पीएस नव्हे.

५५ किलोचा मुलगा आणि मागे मित्र घेऊन जाणारा ८५ किलोचा मुलगा, दोघांना एकच फॅक्टरी सेटिंग चालणार नाही. म्हणून मागचा प्रीलोड डबलसीटला वाढवायचा आणि उतरल्यावर परत कमी करायचा. शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही.

आता जीएसटीकडे परत येतो. माझा अंदाज असा की कंपन्या ३५० च्या आत बसणारी इंजिनं वाढवतील, आणि ते गैर नाही. सीसी थोडे घटले म्हणून रस्त्यावर फारसं बिघडत नाही. पण तेव्हा मी आधी बघेन की फ्रेम, फोर्क आणि टायर पूर्वीचेच ठेवलेत का. डिस्प्ले मोठा करून शॉकअपचा ॲडजस्टर काढून टाकला, तर ब्रोशरमध्ये ते कळणार नाही.

तुमच्याकडे कोणतीही बाइक असो, पाच रुपयांचा झिप टाय फोर्कच्या चकचकीत नळीला रबरी सीलपाशी बांधा. मित्रांना पुढचं चाक उचलून धरायला सांगा, टाय सीलला टेकवा, मग चाक खाली घेऊन राइडिंग गिअर घालून अलगद बसा, फोर्क न दाबता उतरा आणि टाय किती सरकला ते पट्टीने मोजा. आकडा ३० ते ४० च्या खूप बाहेर असेल आणि फोर्कला ॲडजस्टरच नसेल, तर वजनाला योग्य स्प्रिंग आणि ताजं फोर्क ऑइल घालून घ्या. त्याचा खर्च बहुतेक वेळा त्या आवाज करणाऱ्या एक्झॉस्टपेक्षा कमीच येतो.