टॅबलेट बिघडत नाही, करंट पुरत नाही

ऊसनोंदीला बांधावर टॅबलेट आला, तशी तक्रारही आली. अंगठ्याचे यंत्र जोडले की ‘जास्त वीज लागते’ असा संदेश येतो अन् नोंद अडते. नोंद मागे पडली की तोडही मागे! म्हणून टॅबलेटच बदला, हा सल्ला आम्हांस पटत नाही. यूएसबी 2.0 च्या नियमाने जोडणीला 500 मिलिअँपिअरपर्यंतच करंट. टॅबलेट त्याहून कमीही देतो. एका डीपीवर जादा मोटारी टाकल्यासारखेच हे. आधी टॅबलेट चार्ज करून, वायर बदलून पाहावे. औरंगपुऱ्यात वायर घ्याल तर दुकानातच जोडून बघा. तरीही अडले तर पॉवर बँकेवर चालणारा हब मध्ये जोडावा. प्रत्येक गट कार्यालयात असा एक हब कारखान्याने द्यावाच, सभासदाला हेलपाटे कशाला?