जकातीवर शिकणाऱ्या मुलांचा हक्क

खांब, तालुका रोहा

जकात ही देणाऱ्याची मेहेरबानी नाही. निसाबाइतकी, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेइतकी, शिल्लक चांद्रवर्षभर राहिली की तिचा चाळिसावा हिस्सा गरिबाचा होतो. तो आपल्या कपाटात असला तरी आपला नसतो. याच विश्वासावर आम्ही खांब, कोलाड, रोहा, नागोठणे आणि पेणची माणसं जकातीतून गरीब मुलांना शिकवण्याची ही चळवळ सुरू करत आहोत.

रमजानमध्ये जकात रेशनच्या किटांत आणि दूरदूरच्या मदरशांच्या पावत्यांत जाते. ते थांबवा, असं आमचं म्हणणं नाही. पण आपल्याच मोहल्ल्यातल्या मुलीला लोणेऱ्याच्या विद्यापीठात प्रवेश मिळतो, फीची सवलतही मिळते, आणि हॉस्टेल-मेसच्या खर्चापायी ती घरी बसते, हे आम्हाला सहन होत नाही. वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी-पदविकाधारक चार टक्क्यांहूनही कमी, असं सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितलं होतं. संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिपही 2022 मध्ये बंद झाली. सरकारकडे हक्क मागत राहूच, पण आपल्या हातातलं आधी करू.

कोकणातले आपण बहुतेक शाफई. आपल्या मसलकाचं प्रसिद्ध मत असं, की गावात हकदार असताना जकात बाहेर पाठवू नये. विद्यार्थी जकातीच्या आठ हकदारांत कुठे बसतो, असं विचारतात. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत पहिली नावं फकीर आणि मिस्कीन यांची आहेत. गरीब विद्यार्थी आधी गरीब आहे. तरी शंका असेल त्याने मुफ्तीसाहेबांना जरूर विचारावं.

निसाब पूर्ण असेल तर दर लाखाच्या शिलकीवर जकात अडीच हजार. एवढी जकात देणारी चाळीस घरं एकत्र आली तर लाख रुपये होतात. आखातात कमावणाऱ्या भावांनी मनावर घेतलं तर किती होतील!

पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातील, त्याच्याच मालकीचे म्हणून. ते कर्ज नसेल. एकदा हात धरला की पदवीपर्यंत सोडायचा नाही. पहिल्या वर्षाची फी भरून दुसऱ्या वर्षी पोराला वाऱ्यावर सोडणं आम्हाला मान्य नाही. पाकीट देतानाचा फोटो नाही, मशिदीत नाव वाचणं नाही. सभा, बॅनर, इमारत यांवर जकातीचा रुपया खर्च होणार नाही आणि कार्यकर्ते आमिलचा, म्हणजे जकात गोळा करणाऱ्याचा, हिस्सा घेणार नाहीत. फितऱ्यालाही हात लावणार नाही; तो ईदच्या नमाजाआधी गरिबाघरी पोहोचलाच पाहिजे.

सदक्याची, म्हणजे ऐच्छिक दानाची, पेटी वेगळी असेल. त्यातून कातकरीवाडीवरच्या मुलालाही मदत मिळेल, कारण सदक्याला धर्माची अट नाही.

दोन्हींचा हिशेब, मुलांची नावं वगळून, दर ईदनंतर जमातीपुढे मांडू. ज्याला शंका असेल त्याने वह्या मागाव्यात.