विद्यार्थ्यांची मान आणि अभ्यासाचे टेबल

पेशवाईत आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके अडकवले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान ताठ केली. आज मात्र महाविद्यालयात शिकणारी आपली मुले-मुली मानदुखीने बेजार आहेत आणि त्याकडे कुणाचे लक्ष नाही. ‘मोबाईलचा नाद’ म्हणून सारा दोष मुलांवर टाकला की झाले!

वस्तुस्थिती काय आहे? मानोरा, मालेगाव, रिसोडच्या खेड्यांतून वाशिमला शिकायला आलेला मुलगा भाड्याच्या खोलीत तिघा-चौघांसोबत राहतो. टेबल नाही, खुर्ची नाही. पुस्तके परवडत नाहीत म्हणून नोट्स मोबाईलवर. सतरंजीवर बसून, मान खाली घालून तो तासन्तास वाचतो. माणसाचे डोके साधारण 5 किलोचे असते. अमेरिकेतील शल्यचिकित्सक केनेथ हन्सराज यांनी 2014 मध्ये मांडलेल्या गणिताप्रमाणे मान 60 अंश झुकली की मणक्यांवर सुमारे 27 किलोचा भार येतो. मान आखडते, डोके दुखते, झोप मोडते. मग अभ्यासात लक्ष कसे लागणार? विद्यापीठाच्या परीक्षेत गुण कमी पडले की बोल बुद्धीला लावला जातो, बसण्याच्या जागेला नाही.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागले. पुढे 1925 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. शिकायचे तर हक्काची जागा हवी, हे त्यांनी ओळखले होते.

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासनाने 2016-17 पासून स्वाधार योजना आणली. ही रक्कम सत्राच्या आरंभीच खात्यात जमा झाली पाहिजे. वर्षाच्या शेवटी आलेल्या पैशातून टेबल घेऊन उपयोग काय? शासकीय वसतिगृहातही प्रत्येकाला टेबल-खुर्ची मिळालीच पाहिजे.

समाजाचीही जबाबदारी आहे. जयंतीच्या वर्गणीतील काही भाग बाजूला काढला तर गावोगावच्या विहारांत अभ्यासिका उभ्या राहतील. तोवर विद्यार्थ्यांनी पुस्तक-मोबाईल डोळ्यांच्या उंचीला धरावा, अर्ध्या तासाने उठून मान मोकळी करावी. हाताला मुंग्या येत असतील तर अंगावर न काढता सरकारी दवाखाना गाठावा.

डीजेचे एक दिवसाचे भाडे की दहा मुलांची टेबले, हे येत्या 14 एप्रिलपूर्वी प्रत्येक जयंती मंडळाने ठरवावे. जय भीम!