वंशावळीत पणजी कोठे आहे?



जातीच्या दाखल्यासाठी केलेली वंशावळ आपल्या घरी असेल, तर ती एकदा काढून पाहा. पणजोबा, आजोबा, वडील, आपण. पणजी कोठे आहे? माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी हे विचारतो. उत्तर बहुधा एकच मिळते: "तिचे नाव कशाला लागते, वकीलसाहेब?"

१० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो तो बापाच्या बाजूने, हे खरे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचाही समावेश झाला. कागद शोधण्याची वाट मात्र तीच राहिली. परंतु त्याच वाटेवर पणजीही भेटते. विदर्भातील इंग्रजी अमदानीची कोतवाल बुके उघडा. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव, जात आणि पुढे नुसते 'मुलगी'. वर्दी देणारा कोतवाल कित्येक गावी आपलाच महार होता, हे विशेष! जुन्या दस्तऐवजात 'कोम' हा शब्द शोधा. कोम म्हणजे अमक्याची बायको. लिपी मोडी असेल, तर जाणकाराकडून वाचून घ्या. सहीच्या जागी बांगडीची निशाणी दिसली, तर तो दस्त एका बाईने स्वतः करून दिला आहे असे समजा.

एका कुटुंबाच्या पणजीचे नाव 'कचरी' निघाले. प्रतिज्ञापत्रात ते बदलून काही चांगलेसे लिहावे, असा नातवाचा आग्रह. मी साफ नकार दिला. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहेच. पण मला दुसरे कारण अधिक मोठे वाटते. मूल जगावे म्हणून आईबापांनी ते नाव ठेवले असेल, अथवा लिहिणाऱ्याने तुच्छतेने तसे लिहिले असेल. त्याची लाज तिने का बाळगावी, आणि आपण तरी का?

आपण दीक्षा घेतली आहे. सर्व माणसे समान आहेत, हे बावीस प्रतिज्ञांत आपण आपल्या मुखाने उच्चारले. मग घराण्यातील निम्मी माणसे वंशावळीतून गाळण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

सरकारी प्रत आहे तशी राहू द्या. घरासाठी दुसरी करा आणि तीत प्रत्येक स्त्रीचे नाव व माहेरचे गाव लिहा. माहेर कोतवाल बुकात सापडणार नाही. ते घरातील एखाद्या म्हाताऱ्या आत्यालाच ठाऊक असते. येत्या पौर्णिमेला विहारातून परतताना वही घेऊन तिच्याकडे जा.