तुकोबांच्या सेतूवरून

आषाढी एकादशीच्या निमित्ताने घरोघर अभंगवाणीचे स्मरण होते. त्याच वाणीची एक शाखा अशी आहे की, जिच्याकडे आपल्या भाविक घरांचे लक्ष सहसा जात नाही. ती म्हणजे मराठी ख्रिस्ती भक्तिकाव्याची. एकादशीच्या पानावर हा विषय कशाला, असे एखादा वाचक विचारील. त्याचे उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीच देऊन ठेवले आहे. आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो ते तुकोबांच्या सेतूवरून, असे ते सांगत.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' दिला आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या एका घटनेने एका चित्पावन कुटुंबावर काय कोसळले, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांस सांगावयास नको. लक्ष्मीबाई लहानग्या मुलासह माहेरच्यांच्या आश्रयाला राहिल्या. आप्तांचा संताप, समाजाची निंदा आणि पतीचा वियोग असे सारे त्यांनी काही वर्षे सोसले. ते दुःख खोटे नव्हते आणि ज्यांना राग आला त्यांचा रागही आम्ही खोटा म्हणणार नाही. धर्म सोडणे ही आपल्या घरांना आजही सहज पचणारी गोष्ट नव्हे.

परंतु धर्म बदलला तरी टिळकांचा कंठ बदलला नाही. त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत परभाषेतून उतरवलेली आणि पाश्चात्त्य चालींवर बसवलेली गीते पुष्कळ असत. शब्द मराठी, पण चाल परकी. मग ते गाणे ओठांवर राहते, पोटात उतरत नाही. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात, ओवीत आणि पदात आणले. वारकरी ज्या मायेने विठ्ठलाला हाक मारतो, त्याच मायेने त्यांनी ख्रिस्ताला 'माउली' म्हटले. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत आणि मराठी चर्चमध्ये ती अद्याप गायिली जातात. १९१७ साली साताऱ्यास त्यांनी जो 'देवाचा दरबार' मांडला, त्याचे नावसुद्धा आपल्याच मातीतले.

आमची तक्रार आहे ती येथेच. 'फुलांमुलांचे कवी' म्हणून आपण टिळकांना शालेय पुस्तकांतून प्रेमाने सांभाळले, आणि त्यांच्या भक्तिगीतांना मात्र चर्चच्या भिंतींआड ठेवून दिले. जणू फूल पाहणारे टिळक निराळे आणि प्रार्थना करणारे टिळक निराळे! ज्या दृष्टीने ते रानातल्या फुलाकडे किंवा जखमी पाखराकडे पाहत, तीच दृष्टी त्यांच्या प्रार्थनेत आहे. सावतोबांना विठ्ठल मळ्यात भेटला, जनाबाईंना जात्यापाशी. देव संसारातच सापडतो हा धडा टिळक त्याच शाळेत शिकले होते.

लक्ष्मीबाईंचे उदाहरण तर याहून बोलके. अक्षरओळख लग्नानंतर, पतीकडून झालेली. पती ख्रिस्ती झाल्यावरही त्या सोवळे-ओवळे पाळत राहिल्या आणि १९०० साली स्वतः विचार करून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव 'भरली घागर'. पाणवठ्यावरून घरी येणाऱ्या बाईलाच ते सुचावे! टिळकांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' आरंभिले. १९१९ साली ते निवर्तले तेव्हा ग्रंथ अपुरा होता. त्यांनी लिहिले त्याच्या कितीतरी पट भाग लक्ष्मीबाईंनी पुढे रचला. 'स्मृतिचित्रां'चे कौतुक करणाऱ्या किती घरांना ही गोष्ट ठाऊक आहे?

ओवीचा हा स्वीकार टिळकांपासूनचाही नव्हे. १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 'ख्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. आणि स्वर्गाला शब्द 'वैकुंठ'! जुनी पुराणे हातून गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना ऐकावयास पुराण हवे होते, म्हणून हा खटाटोप. गोव्यात त्या काळी देवळे पाडली गेली होती, ही कडू बाजूही येथे विसरता येत नाही. तरी मराठीची थोरवी त्या परदेशी माणसाने ज्या गोडीने गायिली, ती पुष्कळ मराठी पंडितांनाही साधलेली नाही.

दोन्ही वाटा एकच, असे गुळमुळीत बोलणे आम्हांस रुचत नाही. विटेवर उभा असलेला आणि क्रुसावर खिळलेला, या दोन मूर्तींत भाविकाला भेद वाटणारच, आणि टिळकांनाही तो वाटत होता; एरवी त्यांनी घरदार पणाला लावले नसते. म्हणून त्यांची गीते एकादशीच्या भजनात म्हणावीत, असा आमचा आग्रह नाही. ती वाचावीत, एवढेच म्हणणे आहे. आणि पाठ्यपुस्तके सिद्ध करणाऱ्यांनी फुलांच्या कवितेशेजारी त्यांचा एखादा अभंगही छापावा. मुलांना तो सहज गाता येईल, चाल त्यांच्या कानांत आधीपासूनच आहे.