उशीर झाला म्हणून पैसे सोडायचे?

आयकराचं रिटर्न उशिरा भरलं तर किती पैसे पडतात, हे आता बहुतेकींना ऐकून माहीत असतं. पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १,००० रुपये, त्यापुढे ५,०००. २०१८ पासूनचा हा नियम. आपण त्याला दंड म्हणतो, कायदा मात्र 'विलंब शुल्क' म्हणतो. हा नुसता शब्दांचा खेळ नाही बरं का! दंड लावण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, कारण पटलं तर तो माफही होतो. शुल्काला ती सोय नाही. टीडीएसची विवरणपत्रं उशिरा देणाऱ्यांना दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. त्याला आव्हान दिलं गेलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते वैधच ठरवलं.

पण मैत्रिणींनो, मला काळजी आहे ती वेगळीच. ज्यांचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत आहे, त्यांना हे शुल्क साधारणपणे लागतच नाही. त्यांचं नुकसान गुपचूप होतं.

माझ्या ओळखीतल्या एक वहिनी, वय ५२. नवरा गेल्यावर मिळालेले पैसे त्यांनी मुदत ठेवीत घातले. २०२२-२३ मध्ये व्याज आलं ६३,००० रुपये आणि बँकेने त्यातून दहा टक्क्यांनी ६,३०० कापले. बाकी कमाई शिवणकामाची, तीही जेमतेम. म्हणजे कर शून्य! तेव्हाच्या नियमाप्रमाणे १५जी फॉर्म वेळेत दिला असता तर हे पैसे कापलेच नसते. पण सांगणार कोण? सगळे कागद नवरा बघायचा. "जाऊ द्या ताई, सरकारकडे गेलेला पैसा कधी परत येतो का?" असं त्या अगदी सहज म्हणाल्या.

येतो की! पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं. जुलैची मुदत चुकली तरी ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. तीही गेली, तर काही जण 'अद्ययावत रिटर्न' सुचवतात, पण त्यातून परतावा मागता येत नाही. उरतो तो विलंबमाफीचा अर्ज. मागच्या वर्षांसाठी १९६१ च्या कायद्याचं कलम ११९ त्याची सोय करतं. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे एक कोटीपर्यंतचा दावा आयुक्त पातळीवरच निकाली निघतो. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज हवा. म्हणजे वहिनींना त्या वर्षासाठी ३१ मार्च २०२९ पर्यंत वेळ आहे. निर्णय शक्यतो सहा महिन्यांत द्यावा, असंही त्यात आहे.

मात्र 'मला माहीत नव्हतं' एवढ्यावर भागेल असं धरून चालू नका. अडचण खरी होती हे दाखवावं लागतं. पतीचा मृत्यूचा दाखला, दवाखान्याचे कागद, बँकेकडचं टीडीएस प्रमाणपत्र, असं सगळं जोडा. उशिराच्या या परताव्यावर व्याज मिळत नाही, मुद्दल तेवढी येते.

ही वाट आणखी अरुंद होणार होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या आयकर विधेयकात, मुदतीनंतर रिटर्न भरलं तर परतावा नाही, अशी तरतूद होती. संसदेच्या प्रवर समितीने ती काढायला सांगितली आणि ऑगस्टमध्ये संमत झालेल्या, १ एप्रिल २०२६ पासूनच्या कायद्यात ती आली नाही. बरं झालं! ज्यांच्याकडे सीए आहे त्यांची मुदत सहसा चुकत नाही. फटका बसला असता तो वहिनींसारख्यांना.

तरी एक गोष्ट मला खटकतेच. पॅनवर कापलेला कर खात्याला संगणकावर दिसतो. कर थकला की नोटीस येते. मग 'तुमचे ६,३०० रुपये आमच्याकडे पडून आहेत, रिटर्न भरा आणि न्या,' असा साधा मराठी निरोप वहिनींच्या मोबाइलवर यायला काय हरकत आहे?