सांडवा बुजला की बांध फुटतो



कापसाच्या भावासाठी आपण रस्त्यावर उतरतो. पण घरातला म्हातारा रात्री पाच वेळा उठतो, कुंथून थेंब थेंब लघवी करतो, जांघेतली गाठ धोतराआड दाबून धरतो, त्याविषयी कोणी बोलत नाही. त्याला लाज वाटते. खर्चाचे वेचणी झाल्यावर पाहू, असे तो म्हणतो.

ही दोन दुखणी एकमेकांत गुंतलेली असतात. साठीनंतर निम्म्याहून अधिक पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते. ती मूत्राशयाच्या तोंडाशी असल्याने काहींची लघवीची वाट आवळते. मग कुंथावे लागते, पोटातला दाब वाढतो आणि जांघेतल्या कमजोर जागेतून आतडे बाहेर यायला जोर मिळतो. हाच अंतर्गळ, म्हणजे हर्निया. सांडवा बुजला की बांध कमजोर जागी फुटतो, तसेच हे. नुसता बांध लिंपून भागत नाही.

म्हणून हर्नियाच्या ऑपरेशनआधी लघवीचा त्रास डॉक्टरांना सांगा. न सांगितल्यास ऑपरेशननंतर लघवी तुंबू शकते. क्वचित मूत्राशयच गाठीत उतरलेले असते. गाठ दाबल्याशिवाय लघवी पुरी होत नसेल तर तेही सांगा. आधी काय करायचे, हे डॉक्टर तपासून ठरवतील. प्रोस्टेटवर गोळ्या आहेत, न भागल्यास दुर्बिणीतून ऑपरेशन आहे. पट्टा बांधून हर्निया बरा होत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडते, त्या विचारल्याशिवाय घेऊ नका.

लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट फुगले, किंवा गाठ आत जाईना, कडक होऊन दुखू लागली, उलट्या झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका. तुंबलेल्या लघवीने मूत्रपिंडे निकामी होतात, अडकलेले आतडे सडते. दोन्हींत जीव जातो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. ही मेहेरबानी नव्हे, आपला हक्क आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी डॉक्टर गाठतो. बैठकीहून घरी गेलात की बापाला, चुलत्याला एवढेच विचारा : लघवी नीट होते का? आणि वेचणी संपायची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्या.